पुण्यातला कचरा, नदी, पाणी, बस आणि टेकडी : आमच्या ग्रुपवर सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीची सहा वर्षं सेक्रेटरी होते. पद सुटलं पण प्रश्न काही सुटले नाहीत, अजूनही रात्री अकराला व्हॉट्सॅपवर "ताई एक विचारू का" येतंच. दर वेळी तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. भाडेकरू बदलले की लिंक पाठवा आणि मला झोपू द्या.

आम्ही घरात ओला-सुका वेगळा करतो पण शेवटी सगळं एकाच गाडीत जातं ना? मग कशाला एवढा खटाटोप?

हा प्रश्न नंबर एक. कुठे कुठे एकत्र होतो हे खरंय, डोळ्यांनी बघितलंय, नाही म्हणणार नाही. पण पुण्यातल्या बऱ्याच भागात तुमच्या दारातून कचरा उचलणारी बाई तो कचरा गाडीत टाकायच्या आधी फीडर पॉइंटला, म्हणजे गाडी कचरा घ्यायला येते त्या जागी, बसून निवडते. पुठ्ठा, बाटली, दुधाची पिशवी, पत्रा वेगळा काढते आणि भंगारवाल्याला विकते, ते पैसे तिचे. म्हणजे तुमच्या सुक्या डब्यात तिची निम्मी कमाई असते. त्यात तुम्ही कालची आमटी ओतली की पुठ्ठा भिजला, भाव गेला, आणि वर तिने तो हाताने उपसायचा. गाडीत पुढे काय होतं ते होवो, त्याच्या आधीच तुमच्या वेगळं करण्याचा उपयोग झालेला असतो.

ती ताई महापालिकेची नोकर आहे का? टॅक्स भरतो तर वर महिन्याला पैसे कशाचे?

नाही, नोकर नाही, आणि हे समजून घ्या कारण नवीन आलेले लोक इथेच हुज्जत घालतात. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली. तोवर या बायका उकिरड्यावर आणि कचराकुंडीत हात घालून भंगार वेचायच्या, पोलीस चोर समजून हटकायचे. संघटनेमुळे आधी ओळखपत्रं मिळाली, त्यांचं काम म्हणजे काम आहे हे पालिकेने मान्य केलं, आणि मग 'स्वच्छ' नावाची त्यांचीच सहकारी संस्था उभी राहिली. २००८ पासून पालिकेशी करार करून त्या घरोघरी कचरा घेतात. मालक कोणी नाही, सभासद हजारोंनी आहेत आणि बहुतेक बायकाच आहेत. तुम्ही देता ती फी हाच त्यांचा पगार, पालिका त्यांना पगार देत नाही. तेव्हा फी थकवून "टॅक्स भरतो" म्हणणं म्हणजे किराणावाल्याला "मी इन्कम टॅक्स भरतो" सांगण्यासारखं आहे.

पालिकेला हे काम मोठ्या ठेकेदाराला द्यायचं मधूनमधून सुचतं, करार वाढवायची वेळ आली की दर वेळी धाकधूक असते. माझं मत विचाराल तर शहराने गेल्या तीस वर्षांत जे काही आधुनिक केलं त्यात हीच गोष्ट सगळ्यात आधुनिक आहे. तिला ॲप नाही, डॅशबोर्ड नाही आणि उद्घाटनाची फीत कापायला कोणी आलं नाही, म्हणून कोणाला तसं वाटत नाही एवढंच.

डायपर आणि पॅड कशात टाकायचे?

ओल्यात नाही, सुक्यात नाही, तिसरं वेगळं. वर्तमानपत्रात गुंडाळा आणि लाल पेनाने मोठा ठिपका काढा, म्हणजे ती न उघडता बाजूला ठेवेल. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर उत्पादकांनी पाकिटासोबत गुंडाळायला पिशवी द्यावी असं लिहिलं होतं, पण ती तुम्हाला किती वेळा मिळाली ते तुम्हीच सांगा. तोवर कालचा पेपर आणि लाल पेन.

सोसायटीत खत करायचा प्रकल्प केला तर टॅक्समध्ये खरंच सूट मिळते का?

मिळते. गांडूळखत किंवा कंपोस्ट, सोलर आणि पावसाचं पाणी जिरवणं, यातलं एक केलं तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त केलं तर १० टक्के. लक्षात घ्या, अख्ख्या बिलावर नाही, बिलात जी 'सर्वसाधारण कर' अशी ओळ असते त्यावर, त्यामुळे ग्रुपवर "दहा टक्के सूट" वाचून जे नाचतात ते बिल आल्यावर शांत होतात. आणि तपासणी होते हं. खताचा खड्डा बंद पडलाय, त्यात कुंड्या ठेवल्यात असं दिसलं तर सूट जाते.

मोठ्या सोसायट्यांना तर पर्यायच नाही, दिवसाला १०० किलोच्या वर कचरा होत असेल तर ओला जागेवरच जिरवायचा. बिल्डर लोक एक चकचकीत मशीन बसवून जातात, ते वीज खातं, वर्षभरात पट्टा तुटतो आणि मग त्यावर ताडपत्री. आमच्याकडे विटांचे चार साधे हौद आहेत, पालापाचोळा, थोडं ताक, विरजणासारखं थोडं जुनं खत. वास येतो का? आला तर समजायचं सुका पाला कमी पडला, आणखी टाका, दोन दिवसांत जातो. एवढंच शास्त्र आहे.

ही सूट आणि ४० टक्केवाली सूट वेगळी बरं का! स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी ४० टक्के सवलत १९७० पासूनची, मध्यंतरी काढली आणि लोकांनी आरडाओरड केल्यावर २०२३ मध्ये परत आली. तिचा पीटी-३ फॉर्म वेगळा भरावा लागतो. घरात भाडेकरू असेल तर ती विसरा.

शहराचा उरलेला कचरा शेवटी जातो कुठे?

आता बराचसा शहरात विखुरलेल्या प्रकल्पांत जातो, पण आधी वर्षानुवर्षं एकच उत्तर होतं, उरुळी देवाची आणि फुरसुंगी. सासवड रस्त्याने गेलात तर तो डोंगर दिसायचा, नैसर्गिक नाही, आपण केलेला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं, माश्या, आग लागली की दिवसेंदिवस धूर. गावकरी अनेकदा रस्त्यावर बसले, गाड्या अडवल्या, तेव्हा चार दिवस पुण्यात रस्त्याकडेला ढीग साठले आणि आपल्याला पहिल्यांदा कळलं की आपला कचरा कोणाच्या तरी दारात जातो. मग काही भागावर माती टाकून कॅपिंग झालं, साठलेला जुना कचरा खणून चाळून वेगळा करायचं काम सुरू झालं. दोन्ही गावं २०१७ ला पालिकेत घेतली, पुढे त्यांनीच नको म्हणून वेगळी नगरपरिषद मागितली.

प्लास्टिक पिशवीवर अजून बंदी आहे का? भाजीवाला तर देतो.

आहे, २०१८ पासून. पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तुरुंगसुद्धा. भाजीवाला देतो कारण आपण मागतो. पुढे.

मुठा नदीला एवढा वास का येतो? प्लँट नाहीत का?

प्लँट आहेत, कमी आहेत आणि जुने आहेत. आपण एवढे वाढलो की रोज घरांतून निघणारं मैलापाणी सगळं शुद्ध होईल इतकी ताकदच शहराकडे नाही, जे उरतं ते नाल्यातून थेट नदीत. शिवाय बऱ्याच ठिकाणी ड्रेनेजची लाइन ओढ्यातूनच गेलीय, चेंबर फुटला की ओढाच ड्रेनेज. खडकवासल्याच्या खाली मुठेत पावसाळा सोडला तर नदीचं असं वेगळं पाणी फारसं नसतंच, जे वाहतं दिसतं ते मुख्यतः आपलंच. हे पचायला जड आहे पण तसंच आहे.

यावर उपाय म्हणून जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून मोठा प्रकल्प २०१६ च्या जानेवारीत केंद्राने मंजूर केला, ९९० कोटी रुपये, ११ नवीन केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटरची भर. २०२२ पर्यंत व्हायचा होता. टेंडर रद्द झाली, परत निघाली, जागा अडल्या, औंधच्या बोटॅनिकल गार्डनची जागा तर कृषी खात्याकडून मिळवण्यातच वर्षं गेली, आणि दरम्यान शहरात आधी ११ गावं आली, मग २०२१ ला आणखी २३. आकडा ठरवला तेव्हाचं पुणे वेगळं होतं, उद्घाटन होईल तेव्हाचं वेगळं असेल.

प्लँटमध्ये जादू काही नसते. आधी जाळीवर चिंध्या आणि पिशव्या अडवतात, वाळू खाली बसवतात, मग टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवतात, ते घाण खातात, गाळ खाली बसतो, वरचं पाणी क्लोरीन टाकून बाहेर. जिवाणूंना हवा लागते आणि हवेला वीज लागते. वीज गेली, पंप बंद पडला की जिवाणू मरतात आणि पाणी तसंच पुढे जातं. म्हणून नुसता प्लँट बांधून भागत नाही, तो रोज रात्री दोन वाजता चालू आहे का हे बघणारा माणूस लागतो.

शुद्ध केलेलं पाणी कुठे वापरतात?

मुंढव्याला जॅकवेल म्हणजे नदीतलं पाणी उचलायची विहीर बांधलीय, तिथून ते उचलून साडेसतरा नळीजवळ बेबी कालव्यात सोडतात आणि ते पुढे शेतीला जातं. कल्पना सुरेख होती, धरणातलं पाणी पुणेकरांनी प्यायचं आणि त्या बदल्यात वापरलेलं शुद्ध करून शेतकऱ्याला द्यायचं. फक्त त्यातला 'शुद्ध करून' हा भाग नीट झाला पाहिजे, खालच्या गावांची तक्रार नेमकी तीच असते. बांधकामांनाही हे पाणी टँकरने वापरणं सक्तीचं केलंय, त्याला पालिकेचं ॲप आहे.

मग नदीकाठ सुधार योजना चांगली की वाईट?

यावरून आमच्या ग्रुपवर दोन माणसं बाहेर पडली होती त्यामुळे जपून लिहिते. मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर काठ, आराखडा अहमदाबादच्या साबरमतीवाल्या कंपनीचा, भूमिपूजन ६ मार्च २०२२. बाजूने बोलणारे म्हणतात काठावरचा राडारोडा आणि अतिक्रमण तरी जाईल, लोकांना चालायला जागा मिळेल. विरोधातले म्हणतात भराव टाकून पात्र आवळलं तर पूर आला की पाणी जाणार कुठे, आणि काठावरची जुनी झाडं, पक्षी, दलदल यांचं काय. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकता नगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, ते बघितल्यावर मी दुसऱ्या बाजूला झुकले. आधी पाणी साफ करा मग बाकं बसवा, एवढं साधं म्हणणं आहे माझं. घाण पाण्याकाठी बसून भेळ कोण खाणार?

घरात पाण्याचं मीटर बसवून गेलेत. बिल चालू होणार?

घाबरू नका, मीटर बसलं म्हणजे लगेच बिल आलं असं नाही. समान पाणीपुरवठा योजनेचा तो भाग आहे, नवीन टाक्या, नवीन पाइपलाइन आणि मीटर. याच योजनेसाठी २०१७ च्या जूनमध्ये पालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजाने काढले होते, तेव्हा पेपरात मोठं कौतुक झालं होतं. मीटर मुख्यतः गळती शोधायला आहे. टाकीतून किती सोडलं आणि घरांत किती पोचलं याचा हिशोब लागला की मधलं कुठे मुरतंय ते कळतं, आणि मधलं खूप मुरतं, पालिकाच ४० टक्क्यांची गोष्ट करते.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, त्यातच खाली दौंड-इंदापूरपर्यंतची शेती. दर उन्हाळ्यात पाटबंधारे खातं म्हणतं पुणेकर जास्त वापरतात, पालिका म्हणते लोकसंख्या वाढली, आणि धायरीतल्या माणसाला दोघांशी देणंघेणं नसतं, तो टँकरला फोन लावत असतो. ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं त्यांनी ते उकळूनच प्या, २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड परिसरात जीबीएसचे (हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावरच होता हे विसरू नका.

तासभर पाऊस झाला की रस्त्याची नदी होते, पूर्वी असं नव्हतं ना?

पूर्वी ओढे होते. अजूनही आहेत, तुमच्या पार्किंगच्या खाली. आंबिल ओढा कात्रजहून निघतो, नानासाहेब पेशव्यांनी त्याच कात्रजच्या तलावातून शहरात नळाने पाणी आणलं होतं, म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी लोकांना पाण्याचा उतार कळत होता. आपण ओढा वळवला, आवळला, त्यावर भिंत घातली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो जुन्या वाटेने आला, माणसं गेली, गाड्या कागदासारख्या वाहिल्या. ज्यांना १९६१ ला पानशेत धरण फुटलेलं आठवतं ते म्हातारे त्या रात्री सगळ्यात आधी गच्चीवर गेले होते म्हणतात. तुमच्याकडून एवढंच करा, जूनच्या आधी सोसायटीसमोरच्या पावसाळी जाळ्या साफ झाल्यात का बघा आणि नसतील तर फोटोसकट तक्रार करा, पाऊस आल्यावर नाही, आधी.

इलेक्ट्रिक बस आल्या म्हणजे बससेवा सुधारली का?

बस सुधारली, सेवा म्हणाल तर अर्धी. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून २००७ ला पीएमपीएमएल झाली आणि २०१९ च्या फेब्रुवारीत पहिल्या इलेक्ट्रिक बस धावल्या. एसी आहे, धूर नाही, आवाज नाही, उतरायला पायरी कमी, माझ्या आईच्या गुडघ्यांनी तर त्यांना पैकीच्या पैकी मार्क दिलेत. पण बस किती चांगली यापेक्षा किती वेळाने येते हे महत्त्वाचं. बस कमी आहेत आणि त्याही ट्रॅफिकमध्ये उभ्या. २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी आपण देशात पहिल्यांदा केली, बसला वेगळी लेन, आणि मग त्या लेनमध्ये रिक्षा, दुचाकी, लग्नाची वरात सगळं घुसलं. लेन सांभाळली असती तर आज इलेक्ट्रिक बसचा अर्धा उपयोग तरी वाया गेला नसता.

तिकीट १ जून २०२५ पासून वाढलंय, कमीत कमी ५ चं १० झालं, दोन्ही महापालिका हद्दींचा दिवसाचा पास ४० चा ७० झाला. तरीही लांबवर दोनदा जाऊन यायचं असेल तर पासच घ्या. 'आपली पीएमपीएमएल' ॲपवर बस कुठे आहे ते दिसतं. दिसतं म्हणजे येतेच असं नाही, पण निदान थांब्यावर उभं राहून वाकून बघायचं वाचतं.

मेट्रोने खरंच गर्दी कमी झाली का?

रस्त्यावरची? मला तरी नाही दिसली. पण वनाझवरून बसून थेट रामवाडीला उतरता येतं, आणि २९ सप्टेंबर २०२४ ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून मंडईत गणपती बघायला जाणाऱ्यांची चंगळ झालीय. सिव्हिल कोर्टचं स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर, सरकता जिना बंद असेल त्या दिवशी देव आठवतो. खरी अडचण स्टेशनच्या बाहेर आहे. शेवटच्या दीड किलोमीटरला फुटपाथ नाही, असला तर त्यावर विजेचा डीपी आणि वडापावची गाडी, म्हणून लोक परत दुचाकीच काढतात.

आमच्या आवारातलं झाड धोकादायक झालंय. तोडू का?

परस्पर नाही! स्वतःच्या जागेतलं असलं तरी नाही, मोठ्या फांद्यासुद्धा नाहीत. १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज करायचा, माणूस पाहणी करतो, झाडावर नोटीस लागते, लोकांना हरकत घेता येते. ५० वर्षांच्या वरचं झाड २०२१ पासून हेरिटेज धरतात, त्याला आणखी कडक. आणि उलट बाजूने, रविवारी सकाळी कोणी करवत घेऊन आला तर परवानगीचा कागद मागा. कागद नसलेला माणूस "साहेबांना विचारतो" म्हणून जातो तो परत येत नाही, हा अनुभव आहे.

टेकडीवर रस्ता होणार की नाही?

वेताळ टेकडीचं विचारताय ना. बालभारती ते पौड फाटा रस्ता हा प्रश्न माझ्या कॉलेजपासून आहे, आता त्यात बोगद्यांची भर. २०२३ च्या एप्रिलमध्ये लोक मोर्चाने उतरले, त्यात पहाटे फिरणारे आजी-आजोबाच जास्त. टेकडी मुरवते ते पाणी खालच्या बोअरना मिळतं, नुसता फिरायचा प्रश्न नाही. समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर साडेनऊशे हेक्टरच्या वर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, तिथे "एनए होणार आहे, आत्ताच घ्या" म्हणून प्लॉट विकणारे भेटतील. घेऊ नका. नंतर मला फोन करू नका.

गणपती हौदात विसर्जन केला तर पुढे काय होतं त्याचं?

शाडूचा असेल तर घरीच बादलीत, माती कुंडीला. पीओपीचा असेल तर पालिका आणि एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) यांनी मिळून काढलेली युक्ती आहे, अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडा नव्हे, त्याचा बेकरीतला चुलत भाऊ, तो पाण्यात टाकून मूर्ती ठेवायची, रोज ढवळायचं, हळूहळू विरघळते. वरचं पाणी अमोनियम सल्फेट, ते पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं, खाली खडूसारखी पावडर राहते. बाल्कनीत करा, वास उग्र असतो. निर्माल्य कलशात, पिशवीतून काढून, पिशवीसकट नाही.

तक्रार केली की "निकाली काढली" मेसेज येतो आणि काम झालेलं नसतं. मग?

परत उघडा, आजच्या तारखेचा फोटो लावा, जुना नंबर लिहा. तक्रार नेहमी जागेची करा, "आमच्या भागात" नको, विजेच्या खांबाचा नंबर, दुकानाचं नाव, डावी बाजू की उजवी. तरी नाही झालं तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे लेखी द्या. दाखला, नळजोड, अशा ठरलेल्या सेवांना २०१५ चा सेवा हमी कायदा आहे, मुदत उलटली तर अपील करता येतं आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० दंड होऊ शकतो. दंड क्वचितच होतो, पण अर्जात कायद्याचं नाव लिहिलेलं असलं की फाइल वरच्या गठ्ठ्यात जाते. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकाकडे, तेव्हा हे सगळं आम्हाला झक मारत शिकावं लागलं.

तुमच्या सोसायटीचे खताचे हौद बघायला आलो तर चालेल का?

या की. रविवारी सकाळी आठनंतर, जुन्या चपला घालून. येताना घरचा सुका पाला गोणीभर आणा, आमच्याकडे तो नेहमी कमी पडतो.